पत्ता कोणाला सांगावा?

(एका वासंतिक व्याख्यानमालेतील भाषणाचे वक्त्यानेच तयार केलेले लेखी रूप.)



या विषयावर बोलण्यासाठी संयोजक माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की, मी मराठी वाङ्मय घेऊन पदवी मिळवलेला माणूस आहे. संगणकातले मला बेताचेच कळते. त्यावर ते म्हणाले, "संगणकतज्ज्ञ गेल्या वर्षी येऊन गेले. व्याख्यान फार विद्वत्तापूर्ण झाले, पण घरी जाऊन काय करायचे ते कोणालाच समजले नाही." तेव्हा मी होकार दिला. होकार देण्यामागे आणखी एक कारण होते. या विषयात मी जाणकार नसलो, तरी अपराधी मात्र आहे. त्या अपराधापासूनच सुरुवात करतो.

वृत्तपत्रात उमेदवारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आधी निधनवार्ता येतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. नाव, वय, वृद्धापकाळाने की अल्पशा आजाराने, पश्चात कोण कोण, अंत्ययात्रा किती वाजता आणि कोठून निघणार. मी अशा शेकडो वार्ता लिहिल्या. पुढे बढती मिळाली आणि ते काम सुटले. २०१९ मध्ये आमच्या शहरातील एक निवृत्त मुख्याध्यापक निवर्तले. माझा त्यांच्याशी चांगला परिचय होता, म्हणून त्यांची निधनवार्ता मी आपण होऊन लिहिली. सरांच्या कार्याविषयी चार ओळी लिहिल्या. त्यांच्या पश्चात पत्नी आहे, दोन्ही मुले नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात, हेही लिहिले. सरांचे विद्यार्थी गावोगाव पांगलेले; त्यांना सांत्वनासाठी येता यावे म्हणून शेवटी घराचा पूर्ण पत्ता आणि बाईंचा मोबाइल क्रमांक दिला. विद्यार्थी आलेही. बाईंनी मला निरोप पाठवला की, तुमच्या बातमीमुळे फार माणसे भेटली.

चार महिन्यांनी बाईंना एका गृहस्थाचा दूरध्वनी आला. मराठी स्वच्छ, स्वर अदबीचा. त्याने आधी सरांच्या जाण्याबद्दल दुःख व्यक्त केले. सरांचे संपूर्ण नाव, शाळेचे नाव, निधनाची तारीख आणि मुले परदेशी आहेत ही गोष्ट, सारे त्याला ठाऊक होते. सरांच्या एका विमा पॉलिसीचा बोनस पडून आहे, वारसाच्या नावे तो करून घेण्यासाठी थोडे शुल्क भरावे लागेल, असे त्याने सांगितले. आधी ८ हजार भरले. मग कराचे म्हणून २२ हजार. मग आणखी काही. अशा सहा वेळांत बाईंचे १ लाख ८५ हजार रुपये गेले. मुलांना त्या बोलल्या नाहीत. लेकरे तिकडे दूर, त्यांच्या जिवाला घोर कशाला, असा त्यांचा विचार.

पोलीस ठाण्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. अधिकाऱ्याने विचारले, "इतकी घरातली माहिती त्याला कोणी दिली असेल? नात्यातले कोणी? बँकेतले?" बाई आठवू लागल्या. मी खिशातून फोन काढला आणि गुगलमध्ये सरांचे नाव लिहिले. पहिलीच नोंद माझ्या निधनवार्तेची होती. तो माणूस जे बोलला, त्यातला एकही तपशील त्या वार्तेबाहेरचा नव्हता. गुन्हा नोंदला गेला. पैसे परत आले नाहीत.

तेव्हापासून मी या विषयाचा विद्यार्थी झालो.

डिरेक्टरी होतीच की!

हा प्रसंग सांगितला की, एक आक्षेप हमखास येतो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "अहो, पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी घरोघर असायची. त्यात नाव, पत्ता, क्रमांक सगळे छापलेले असे. तेव्हा कोणाचे काय बिघडले?" आक्षेप रास्त आहे. आपल्या समाजात पत्ता ही लपवण्याची गोष्ट कधीच नव्हती. नव्या माणसाची ओळख झाली की, "आपण मूळचे कुठले?" हा आपला पहिला प्रश्न. "घरी या एकदा" म्हणून पत्ता सांगितला नाही, तर माणूस शिष्ट ठरतो. सामाजिक काम करणाऱ्या माणसाची तर पत्त्यांची वही हीच खरी पुंजी. अशा समाजाला उठून 'पत्ता लपवा' असे सांगणे मलाही बरे वाटत नाही.

पण त्या जाडजूड डिरेक्टरीचा उपयोग कसा होत असे, ते आठवून पाहा. तिला एकच प्रश्न विचारता येई : या नावाच्या माणसाचा क्रमांक काय? क्रमांकावरून नाव शोधायचे, तर सारी पाने चाळावी लागत. पुण्याची डिरेक्टरी नागपुरात सहज मिळत नसे. त्या माणसाची मुले कोठे असतात, तो एकटा राहतो का, त्याच्या घरात कोणाचे निधन झाले आहे का, यांतले काहीही त्यात नसे. आज हे सगळे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले असते आणि शोधयंत्र ते एका ओंजळीत आणून देते. माहिती तीच, परंतु विखुरलेली माहिती आणि गोळा झालेली माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आजचे माझे म्हणणे एवढेच आहे. बाकी सारा त्याचाच विस्तार.

हा भेद न्यायालयांनीही मानला आहे. १९८९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणाचा निर्णय केला. पत्रकारांच्याच एका संघटनेने एका व्यक्तीच्या अटका, आरोप आणि शिक्षा यांचा एफबीआयने संकलित केलेला गोषवारा मागितला होता. त्यांचा युक्तिवाद असा की, या नोंदी ठिकठिकाणच्या न्यायालयांत आणि पोलीस ठाण्यांत लोकांसाठी खुल्याच आहेत. मग त्या एकत्र दिल्या तर काय बिघडते? न्यायालयाने ते मान्य केले नाही. गावोगावच्या दप्तरांत धुंडाळून मिळणारी माहिती आणि एका ठिकाणी तयार ठेवलेला गोषवारा यांत माणसाच्या खासगीपणाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, असा निकाल दिला. माझ्या व्यवसायबंधूंचा तो पराभव होता. वीस वर्षांपूर्वी हा निकाल वाचताना मला तो मुळीच पटला नव्हता.

त्याच वर्षी जुलैमध्ये लॉस एंजलिसमध्ये रिबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीचा तिच्या घराच्या दारातच खून झाला. मारेकऱ्याने एका खासगी गुप्तहेरामार्फत तिचा पत्ता मिळवला होता, आणि गुप्तहेराला तो मिळाला तो कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन खात्याच्या नोंदीतून. इंटरनेट तेव्हा घरात आलेलेही नव्हते. या खुनानंतर कायदे बदलले आणि १९९४ मध्ये अमेरिकेने वाहन खात्यातील व्यक्तिगत माहितीला संरक्षण देणारा देशव्यापी कायदा केला.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. मतदार यादी ही सार्वजनिक असते आणि असायलाच हवी. ती कार्यालयाच्या भिंतीवर लागते, पक्षांना मिळते, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही असते. २०१८ मध्ये आयोगाने संकेतस्थळावरील याद्या छायाचित्राच्या स्वरूपात द्यायला सुरुवात केली. म्हणजे डोळ्यांनी वाचता येतील, पण संगणकाला एका झटक्यात शोधता येणार नाहीत. मध्य प्रदेशच्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसचे नेते कमलनाथ यांनी शोधता येण्याजोगी यादी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दुबार नावे हुडकणे हे त्यांनी दिलेले कारण होते आणि ते काही क्षुल्लक नव्हते. परंतु मतदारांचा खासगीपणा हा आयोगाचा मुद्दा होता, आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने ती मागणी फेटाळली. यादी तीच, नावे तीच. वाद होता तो केवळ शोधता येण्याविषयी.

आणि अशा दोन याद्या एकमेकींना जोडल्या की काय होते, तेही ऐका. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणांच्या नोंदी संशोधकांसाठी खुल्या केल्या. नावे आणि पत्ते काढून टाकले होते. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तेवढे राहिले होते. लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने २० डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि ती या नोंदींना जोडून पाहिली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण होते. त्यांत पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारे फक्त एक, स्वतः गव्हर्नर. त्यांच्या आजारपणाची सारी हकीकत तिच्या हाती आली.

मामांचे आडनाव

तुम्ही म्हणाल, गव्हर्नरांचे राहू द्या. आमच्यासारख्या साध्या माणसांची माहिती इंटरनेटवर टाकतो कोण? उत्तर ऐकून आपल्याला गंमत वाटेल. बहुतेक वेळा आपण टाकतो, किंवा आपल्यावर प्रेम करणारी माणसे टाकतात.

ज्ञातिसंस्थांच्या वधू-वर सूचीचेच पाहा. पूर्वी ही छापील पुस्तिका असे आणि मेळाव्याला येणाऱ्यांनाच ती मिळे. हल्ली ती पीडीएफ करून संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवतात, जेणेकरून परगावच्यांची सोय व्हावी. हेतू निर्मळ आहे. पण तीत काय असते? मुलीचे छायाचित्र, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, उंची, शिक्षण, कोणत्या कंपनीत नोकरी, पगार, वडिलांचे नाव व क्रमांक, राहता पत्ता, शेती किती, फ्लॅट किती. आणि शेवटी, आपल्या पद्धतीप्रमाणे, मामांचे नाव व गाव. मामांचे आडनाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. आता आठवा, बँकेत खाते उघडताना ओळख पटवण्यासाठी ठरावीक गुप्त प्रश्न विचारतात, त्यांतला एक कोणता असतो? आईचे माहेरचे आडनाव! पाश्चात्त्य देशांत हे आडनाव सहसा कोणाला ठाऊक नसते, म्हणून तिथल्या बँकांनी ते परवलीचा शब्द केले. आपल्याकडे ते आपण लग्नाच्या बाजारात छापून वाटतो. नियम एका समाजाने आपल्या रीतीप्रमाणे केला आणि आपण तो जसाच्या तसा उचलला. आपल्या बँकेत असा प्रश्न असेल, तर त्याचे खरे उत्तर देण्याचे बंधन नाही, फक्त दिलेले उत्तर लक्षात राहिले पाहिजे. मी माझ्या खात्यासाठी काय दिले आहे, ते अर्थातच येथे सांगणार नाही.

संस्थांचे पदाधिकारी येथे बसले असतील. त्यांना माझी विनंती आहे की, सूची सभासदांना जरूर द्या, पण परवलीच्या शब्दामागे ठेवा. संपर्क संस्थेच्या क्रमांकावरून होऊ द्या. आणि लग्न जमले की, ती नोंद काढून टाका. तीन-चार वर्षांपूर्वी विवाह झालेल्या मुलींची नावे, छायाचित्रे आणि वडिलांचे क्रमांक असलेल्या जुन्या पुस्तिका मला अवघ्या दहा मिनिटांत सापडल्या.

दुसरे उदाहरण गृहउद्योगाचे. आपल्या अनेक भगिनी घरी लोणची, मसाले, दिवाळीचा फराळ करून पाकिटबंद विकतात. २०११ च्या वजनमापविषयक नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, आणि ग्राहकाला तक्रार करता यावी म्हणून दूरध्वनी क्रमांक छापावा लागतो. नियम योग्यच आहे; लोणच्याला बुरशी आली तर विचारायचे कोणाला? वस्तू व सेवा कराची नोंदणी असेल, तर व्यवसायाचे मुख्य ठिकाणही त्या संकेतस्थळावर कोणालाही दिसते. येथे व्यवसायाचा पत्ता तोच घराचा पत्ता. तो टाळता येत नाही, पण क्रमांक वेगळा ठेवता येतो. दुसरे सिमकार्ड घ्या, ते साध्या फोनमध्ये घाला आणि तोच क्रमांक पाकिटावर, जाहिरातीत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यावसायिक खात्यावर द्या. बँकेशी जोडलेला क्रमांक मात्र लोणच्याच्या बरणीवर नको. माझ्या बहिणीला हे पटवायला मला दोन वर्षे लागली. दोन क्रमांक सांभाळायचे म्हणजे कटकट, हा तिचा मुद्दा. कटकट आहेच.

एका वाचनालयाचीही गोष्ट सांगतो. तेथील उत्साही तरुण कार्यकर्त्याने वाचनालयासाठी संकेतस्थळाचे नाव नोंदवले आणि नोंदणी अर्जात स्वतःचे नाव, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहिला. तेव्हा संकेतस्थळाच्या मालकाची ही माहिती 'हू-इज' नावाच्या जाहीर सूचीत कोणालाही पाहता येत असे. दुसऱ्याच दिवसापासून, संकेतस्थळ बनवून देतो म्हणणाऱ्यांचे दिवसाला पंधरा-वीस दूरध्वनी त्याला येऊ लागले. युरोपचा माहिती संरक्षण कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, तेव्हापासून या सूचीतील व्यक्तींचे तपशील बहुतांशी झाकले जातात. परंतु त्याआधी ज्यांनी ते उतरवून घेतले, त्यांच्या वह्या काही कोणी फाडलेल्या नाहीत.

फेसबुकनेही असेच केले. क्रमांक टाकून माणूस शोधण्याची सोय त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये बंद केली. परंतु २०२१ च्या एप्रिलमध्ये ५३ कोटींहून अधिक लोकांचे क्रमांक नावांसह उघड्यावर आल्याचे दिसले. त्यांत भारतीय सुमारे ६० लाख होते.

यादी बाळगणाऱ्यांचे उत्तरदायित्व

आता थोडे आपल्या घरचे बोलू. या सभागृहातील निम्म्याहून अधिक मंडळी कोणत्या ना कोणत्या सामाजिक कामात आहेत. आपल्या हाती याद्या असतात. रक्तदात्यांची, ज्येष्ठ नागरिकांची, गणेशोत्सवाच्या वर्गणीदारांची, सोसायटीच्या सभासदांची. लोकांनी ती माहिती आपल्याला दिली ती विश्वासाने, एका कामापुरती.

२०२१ चे एप्रिल-मे महिने आठवा. कोरोनाची दुसरी लाट. प्राणवायू कोठे मिळेल, रक्तद्रव कोण देईल, याच्या याद्या रात्री-अपरात्री या गटातून त्या गटात फिरत होत्या. त्या याद्यांनी कित्येक जीव वाचवले; ज्यांनी त्या केल्या त्यांना माझा नमस्कार आहे. पण त्याच काळात, आजारी नातेवाइकासाठी रक्तद्रव हवे म्हणून ज्या स्त्रियांनी आपला क्रमांक जाहीर केला, त्यांतील काहींना अश्लील संदेश आले, याच्या बातम्या तेव्हाच्या वृत्तपत्रांत आहेत. वडील अतिदक्षता विभागात आणि मुलीच्या फोनवर हे. संकट टळल्यावर त्या याद्या काढून टाकण्याची आठवण आपल्यापैकी किती जणांना राहिली? मी हात वर करायला सांगत नाही.

या बाबतीत तांत्रिक म्हणावे असे फारसे काही नाही. गुगलच्या तक्त्यात यादी करून 'दुवा असलेल्या कोणालाही' ती पाहता येईल, असा पर्याय आपण सोयीसाठी निवडतो. त्याऐवजी चार जणांची नावे घालून तेवढ्यांनाच ती द्यावी. काम संपले की, ती पुसावी. ज्येष्ठांच्या यादीत 'एकटे राहतात' असा रकाना असतो. तो मदतीसाठी आवश्यक आहे, हे मान्य. पण तो रकाना आणि पत्ता एकाच कागदावर असणे म्हणजे काय, हे चोराच्या नजरेने एकदा वाचून पाहावे.

भोंदू लोकांना अशीच माहिती लागते. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीविषयी पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सविस्तर सांगितले होते. आधी माणसाची व्यक्तिगत माहिती गोळा करणे ही त्या डावाची पहिली पायरी आहे, हे त्यांनी तेथेच स्पष्ट केले. पोलिसाच्या गणवेशातला माणूस पडद्यावर आपल्या मुलीचे नाव घेतो, तेव्हा भल्याभल्यांचे धैर्य सुटते.

तर मग घरी जाऊन करायचे काय? आधी स्वतःला शोधा. आपला क्रमांक अवतरणचिन्हांत घालून शोधा. एकदा सलग, एकदा मागे शून्य लावून, एकदा ९१ लावून, एकदा पाच-पाच आकड्यांत तोडून. मग नाव आणि गाव, देवनागरीत आणि रोमन लिपीत; आपल्या नावांची रोमन स्पेलिंगे तीन-तीन प्रकारची असतात, ती सारी पाहा. नोंद सापडली की, सर्वप्रथम ज्याच्या संकेतस्थळावर ती आहे त्याला लेखी कळवा. सोसायटी, शाळा, संस्था, बहुतेक जण ऐकतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते, इतकेच. मूळ पानावरून माहिती गेली तरी शोधयंत्रात ती काही दिवस दिसत राहते. जुनी झालेली नोंद ताजी करून घेण्याचा अर्ज गुगलकडे करता येतो. आणि संकेतस्थळाचा मालक दाद देत नसेल, तर २०२२ च्या एप्रिलपासून व्यक्तीचा क्रमांक, ई-मेल आणि घरचा पत्ता दाखवणारी पाने शोधातून वगळण्याची विनंती थेट गुगलला करता येते. मात्र सरकारी संकेतस्थळावरील नोंद असेल, तर ते ती वगळत नाहीत. बातमीचेही ते वेगळे तोलतात. आणि गुगलने वगळले म्हणजे पान नष्ट झाले, असे नाही; तेथे जाणारी मळलेली वाट तेवढी बुजते.

ट्रू-कॉलरसारख्या सेवांमधून आपले नाव काढण्याची सोय त्यांच्या संकेतस्थळावर आहे. आपले खाते असेल, तर आधी ते बंद करावे लागते. जाहिरातींचे दूरध्वनी थांबवण्यासाठी १९०९ वर नोंद करा. फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नका, १९३० वर तत्काळ कळवा. पहिल्या काही तासांत कळवले, तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक. बाईंनी मला सांगितले, तोवर दीड महिना लोटला होता.

कायद्याविषयी मी थोडक्यातच बोलतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. परंतु त्याच कायद्याचे तिसरे कलम अवश्य वाचा. जी माहिती व्यक्तीने स्वतःच जाहीर केली आहे, किंवा कायद्याच्या बंधनामुळे कोणी जाहीर केली आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे समाजमाध्यमावर आपणच लिहिलेला क्रमांक, मतदार यादीतले नाव, पाकिटावरचा पत्ता, सारे या कुंपणाबाहेर. याच कायद्याने माहितीच्या अधिकारातही बदल केला आणि सरकारी दप्तरातील व्यक्तींविषयीचे तपशील मिळणे पूर्वीपेक्षा कठीण झाले. पत्रकार म्हणून मला तो बदल सलतो. बाईंच्या शेजारी बसलेला मी आणि बातमी शोधणारा मी, यांचे या प्रश्नावर एकमत होत नाही, आणि ते झाल्याचे नाटक मी आपल्यापुढे करणार नाही.

युरोपने थोडी वेगळी वाट धरली. स्पेनमधील मारिओ कोस्तेहा यांच्या थकलेल्या देण्यापायी १९९८ मध्ये त्यांच्या मालमत्तेच्या लिलावाची सूचना वृत्तपत्रात छापून आली होती. देणे केव्हाच फिटले, पण त्यांचे नाव शोधले की ती सूचना वर येई. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, वृत्तपत्राने आपल्या संग्रहात ती ठेवावी, परंतु नावाने शोधल्यावर ती दाखवू नये, अशी मागणी करण्याचा त्यांना हक्क आहे. ज्यांना आपले जुने देणे जगाने विसरावे असे वाटत होते, त्यांचे नाव या निकालाने जगभर झाले, हा भाग वेगळा.

मला मात्र तो निकाल वाचताना आमचे कार्यालय आठवले. मी आमच्या संपादकांकडे अर्ज केला की, संग्रहातल्या निधनवार्तांतून पत्ते आणि क्रमांक काढावेत. आधी ते म्हणाले, छापून आलेला मजकूर बदलायचा नसतो. व्यवसायाचा हा दंडक मीही पुढच्या पिढीला शिकवला आहे. अखेर असे ठरले की, छापील अंकाचे चित्र तसेच राहील, परंतु शोधता येणाऱ्या मजकुरातून क्रमांक गाळावा. पंधरा वर्षांच्या निधनवार्ता होत्या. दोन प्रशिक्षणार्थी मुली आणि मी, तिघांनी मिळून सात रविवार ते काम केले. त्यांतल्या बऱ्याच वार्ता माझ्याच हातच्या होत्या. कित्येकांच्या पश्चात असलेली माणसेही आता गेली असतील, हे ते क्रमांक पुसताना जाणवत होते.

बाईंची नोंद आम्ही सर्वांत आधी पुसली. त्यांना मी क्रमांकही बदलायला सुचवले. त्या म्हणाल्या, "अहो, गुरुपौर्णिमेला यांचे विद्यार्थी याच क्रमांकावर बोलतात. कोणी दुबईहून, कोणी गडहिंग्लजहून. त्यांना नवा क्रमांक कोण कळवणार?" क्रमांक तोच राहिला. बँकेसाठी मात्र त्यांनी दुसरा घेतला आहे आणि तो त्यांच्या दोन मुलांखेरीज कोणाला माहीत नाही. मलाही नाही. मी विचारला होता. त्यांनी हसून चहा पुढे केला.